मुके दांडे

टप्.

चुलीशेजारी भिंतीला टेकवून ठेवलेला एक दांडा घसरला आणि चुलीपुढच्या दगडावर पडला. दुपारची वेळ. बर्फ पडायचं नुकतंच थांबलेलं. बाळ पाळण्यात झोपलेलं, आणि माझी लेक नेल्डा टेबलाखाली मक्याच्या रिकाम्या कणसांची गायवासरं मांडून बसलेली. घरात इतका वेळ कुणी बोललं नव्हतं की तो आवाज दचकवणारा वाटायला हवा होता. तसा वाटला नाही. ओल्या पोत्यावर काहीतरी पडावं तसा वाटला.

मी आधी बाळाकडे पाहिलं. ते हललं नाही. मग सासऱ्यांकडे पाहिलं. ते खिडकीशी पाठमोरे बसून मक्याचा पाव ताकात कुस्करून खात होते. त्यांनी मान वळवली नाही. दांडा त्यांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर पडला होता.

मी तो उचलला. बुडाशी त्यांचा छाप होता, तापल्या लोखंडाने डागलेला ‘टी’. टीटरांचा टी.

हिकरीच्या चिवट लाकडाचा सुकलेला दांडा दगडावर पडला की टणकन वाजतो, आणि वाजून झाल्यावरही क्षणभर हाताला कळत राहतो. ईनक टीटर, म्हणजे माझे सासरे, चाळीस वर्षं दांडे तासत आले, ते या आवाजावर. दांडा तासून, काचेने खरवडून, जवसाचं तेल पाजून झाला की ते तो दोन बोटांत मधोमध लोंबता धरायचे, लहान हातोडीने एक टिचकी मारायचे आणि कान जवळ न्यायचे. ‘बोलतो’ म्हणाले की छाप. ‘मुका’ म्हणाले की चूल. मी या घरात लग्न होऊन आले त्या हिवाळ्यात दर संध्याकाळी दोन-चार मुके दांडे चुलीत जायचे. तेल प्यालेलं लाकूड, भडभडून जळायचं.

ते आठवलं आणि माझा हात तिथेच थांबला. या हिवाळ्यात चुलीत आम्ही सालपटं जाळली, फांद्या जाळल्या, एक मोडकं खुराडंसुद्धा जाळलं. दांडा एकही जाळला नव्हता.

वर्कशॉपमध्ये बारा डझन दांडे मोळ्या बांधून तयार होते. रेल्वेच्या गँगसाठी, रुळांचे खिळे ठोकायच्या घणांचे. सोमवारी मुकादम ट्रक घेऊन येणार होता. त्याच गँगमध्ये माझा नवरा डेल्मर तिकडेच राहून आठवड्याचे सहा दिवस घण चालवत होता.

लाकडाची गोष्ट मला ठाऊक होती; सगळ्यांनाच ठाऊक होती, पण कुणी बोलत नव्हतं. हिकरी पाडायची थंडीत आणि पाडली की त्याच आठवड्यात चिरफळ्या करून माळ्यावर चढवायची. गेल्या वर्षी सासरे जानेवारीभर छाती धरून अंथरुणावर होते. झाडं पाडली एप्रिलच्या शेवटी, रस चढल्यावर. मग पुराने ओढ्यावरचा पूल नेला. ओंडके सालीसकट पलीकडच्या ओल्या जमिनीवर पडून राहिले, मे, जून, जुलै, ऑगस्ट. सप्टेंबरात खेचर लावून आणले तेव्हा सालीखाली पांढरं जाळं होतं. सासरे म्हणाले, “सालीतलं आहे. आत गेलेलं नाही.” आणि आम्ही सगळ्यांनी मान डोलावली, कारण दुसरं लाकूड नव्हतं.

मी दांडा घेऊन वर्कशॉपमध्ये गेले. जेवण उरकून तेही आले, तासायच्या लाकडी घोडीवर बसले, पायाने दाबून नवी चिरफळी घट्ट धरली आणि दोन मुठींची सुरी अंगाकडे ओढायला लागले. सालपटं त्यांच्या मांडीवर पडत होती. एरवी हिकरीचं सालपट लांब निघतं, वळतं, नेल्डा त्याच्या बांगड्या करते. ही तुटत होती.

“पॅप,” मी म्हटलं.

सुरी चालूच.

“पॅप!”

“काय गं? ओरडतेस कशाला?”

“हा दांडा जरा बघता? मला ठीक वाटत नाही.”

त्यांनी तो घेतला, लोंबता धरला, हातोडी मारली, कान जवळ नेला. मी तीन पावलांवर उभी होते. मला ऐकू आलं ते, टप्.

“बोलतो,” ते म्हणाले.

“वाजतो कुठे नीट?”

“लेथा, तू करवतवाल्याची पोर. तुझ्या बापाच्या गिरणीत लाकूड म्हणजे फळी. पडली तरी फळी, उभी तरी फळी. दांड्यातलं तुला काय कळतं?” ते हसले. रागाने नव्हते म्हणत. “तागडीत टाक जा. चांगल्याइतकाच भरेल.”

मी टाकला. खरोखरच तेवढाच भरला. माळ्यावर तीन वर्षांपूर्वीची एक जुनी चिरफळी होती, तिच्यातून तेवढाच तुकडा कापून तोलला, काटा जवळजवळ तिथेच. पण माझा बाप गिरणीत एक गोष्ट सांगायचा, पट्ट्याच्या घरघरीत ओरडून सांगायचा म्हणून लक्षात राहिलेली: बुरशी आधी लाकडाचा चिवटपणा खाते, वजन मागाहून खाते. दिसायला लागेपर्यंत तिचं जेवण उरकत आलेलं असतं.

दांड्याच्या बुडाशी आम्ही बोटभर लाकूड जास्तीचं ठेवतो, घण बसवताना ते कापून टाकतात. तिथे मी टोच्या खुपसला आणि वर उचकटला. चांगल्या हिकरीचा असा दोरा निघतो, चांगला बोटभर लांब. इथे टिक् झालं आणि नखाएवढा तुकडा उडाला. दोन्ही टोकं आडवी, साफ तुटलेली. दुसरा दांडा घेतला, तसंच. तिसऱ्याचा दोरा निघाला. चौथा टिक्. उजेडात धरून पाहिलं तर रेषांमध्ये फिकट करडा डाग होता, आणि त्याच्या कडेने पेन्सिलीने ओढावी तशी बारीक काळी रेघ. तेल लावल्यावर ती उलट छान दिसत होती. मीच लावलं होतं तेल. रेघ मला दिसली होती आणि मी म्हणाले होते, किती सुंदर नक्षी.

त्या संध्याकाळी मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. धुणं होतं, बाळाला दात येत होते, गाय आटत चालली होती. पण मी सासऱ्यांवर नजर ठेवून होते. चहाची किटली शिट्टी मारायची, ते उठायचे नाहीत; वाफ दिसली की उठायचे. कुत्रं भुंकलं तर आधी नेल्डा दाराकडे बघायची, मग नेल्डाकडे बघून ते. शेजारचा हॉबर्ट पिठाची गोणी द्यायला आला आणि काहीतरी म्हणाला, तर ते हसले आणि “हो, हो, अजून पडणार” म्हणाले. हॉबर्टने त्यांच्या बहिणीची तब्येत विचारली होती.

तिसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, मी चुलीपुढे पडला होता तोच छापाचा दांडा घेतला आणि अंगणातल्या दुबेळक्या झाडाच्या बुंध्याशी गेले. दांड्याचं टोक दोन फांद्यांच्या मध्ये अडकवलं, दुसऱ्या टोकाला दोन्ही हात लावले आणि अंगाचं वजन टाकलं. चांगली हिकरी वाकते. माझ्यासारख्या दोघी लोंबकळल्या तरी वाकेल, करकरेल, झाडूसारखी पिंजेल, आणि मग कुठे तुटली तर तुटेल. हा वाकलाच नाही. कडकन गाजरासारखा मोडला आणि मी पाठीवर बर्फात पडले. घागरा वर, एक बूट निघालेला.

नेल्डा खिडकीतून खदखदा हसली. मी उठले, केसांतलं बर्फ झटकलं आणि पाहिलं तर वर्कशॉपच्या दारात सासरे उभे होते. कडकन झालेला आवाज त्यांना आला नव्हता. पण मी पडलेली दिसली होती. ते चालत आले. वाटलं, मला हात देतील. त्यांनी वाकून मोडलेला तुकडा उचलला.

तुटलेलं तोंड त्यांनी अंगठ्याने चाचपलं. एकही कुसळ नव्हतं. नख दाबलं, नख आत गेलं. मग नाकाशी धरलं. मग परत छाप पाहिला. मी बूट घालत होते, तो मुद्दाम सावकाश घातला.

“किती?” ते म्हणाले.

“मी चार पाहिले. तीन असे होते.”

“मी सगळे वाजवलेत.”

ते माझ्या तोंडाकडे बघत होते, ओठांकडे. मग मला कळलं की गेलं वर्ष-दीड वर्ष ते सगळ्यांच्या ओठांकडेच बघत होते, आणि आम्हाला वाटत होतं, म्हातारा मायेने बघतो.

“पॅप, केव्हापासून?”

“काय केव्हापासून?”

“ऐकू येत नाही ते.”

“येतं की,” ते म्हणाले. “पाद्रीबुवांचं प्रवचन तेवढं येत नाही. ते देवाची कृपा.” नेहमीसारखे हसले, पण ते हसू तोंडावर फार वेळ टिकलं नाही. “बारीक आवाज आधी गेले. हातोडी मारली की बोटांना कळायचं. म्हटलं, कान नाही तर नाही, बोटं आहेत. बोटांना सगळे सारखेच कळायला लागले, तेव्हा म्हटलं... यंदा लाकूडच चांगलं आहे.”

आणि ते आत गेले. मी बर्फात उभी राहिले. माझा राग कुठे गेला कुणास ठाऊक.

जेवायला ते आले नाहीत. घेवडा आणि खारं डुकराचं मांस मी ताटलीत झाकून नेलं. ते घोडीवर बसले नव्हते. मोळ्या सगळ्या सोडल्या होत्या आणि बारा डझन दांडे जमिनीवर ओळीने मांडले होते, बुडं एका रेषेत. हातोडी त्यांच्या हातात होती.

“तिथे उभी राहा,” ते म्हणाले. “मी मारतो. तू ऐक.”

“मला तुमच्यासारखं नाही जमणार.”

“माझ्यासारखं करू नकोस म्हणूनच सांगतोय.”

त्यांनी पहिला उचलला, लोंबता धरला, टिचकी मारली. माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “मुका.” दुसरा. “मुका.” तिसरा. “बोलतो.” ज्याचा मला संशय आला, त्याच्या बुडाशी टोच्या. दोरा निघाला तर उजवीकडे, टिक् झालं तर डावीकडे. काही वेळाने मला बोलायची गरज राहिली नाही. ते माझा चेहरा बघायचे आणि दांडा ठेवायचे. मध्येच बाळ रडलं, मी त्याला काखेत घेऊन पाजत उभी राहिले आणि ऐकत राहिले. बाळ चुकचुक प्यायचं तेव्हा ते हातोडी थांबवून धरायचे, ते प्यायचं थांबेपर्यंत. ती चुकचुकही त्यांना ऐकू येत नव्हती. माझ्या बोटाच्या इशाऱ्यावर ते थांबायचे.

शुक्रवारचा सगळा दिवस त्यातच गेला. दुसऱ्यांदा फिरवले, उलटसुलट मिसळून, मी मागचं विसरावं म्हणून. उजवीकडे एक्केचाळीस राहिले. बहुतेक त्या दोन झाडांचे, जी पडताना खडकावर आडवी अडकली होती आणि जमिनीला टेकलीच नव्हती. डावीकडे एकशे तीन.

मी चुलीसाठी ते उचलायला लागले तर सासऱ्यांनी हात आडवा केला. सुरी घेतली, घोडीवर बसले आणि एकेका दांड्यावरचा छाप तासून काढला. एकशे तीन वेळा. मग म्हणाले, “आता जाळ.”

शनिवारी दुपारी डेल्मर घरी आला. चुलीशेजारचा ढीग पाहून दारातच थांबला.

“हे काय केलंत?”

मी सांगितलं. तो ऐकत होता आणि हातमोजे काढायचं विसरला होता.

“मी मुकादमाला बारा डझन सांगितलेत. गँगमध्ये माझी काय किंमत राहील? सगळे म्हणतील, टीटरचं काम आता बायका बघतात.”

“बघतातच.”

“लेथा, चेष्टा नको. पॅप काय म्हणतात?”

“पॅपना विचार. समोर उभा राहून विचार, तोंड दिसेल असा.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग बापाकडे. त्यालाही ते नवीन नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं. तो खुर्चीत बसला. “घण डोक्यावरून येतो तेव्हा समोर माणूस उभा असतो,” तो शेवटी म्हणाला, कुणाला उद्देशून न म्हणता. “समोर क्लीट असतो. त्याला चार पोरं आहेत.” मग उठला, चांगल्यातला एक दांडा उचलला आणि पाय लावून जीव खाऊन वाकवला. दांडा वाकला आणि परत सरळ झाला. “हा मी घेतो,” म्हणाला.

सोमवारी मुकादम स्प्राउस आला. जाड माणूस, टोपी न काढता बोलणारा. ट्रकचं इंजिन चालूच ठेवलेलं.

“बाई, मी बारा डझन म्हणालो होतो.”

“बाराच होते. एकशे तीन जाळले.”

“का?”

मी मोडका तुकडा त्याच्या हातात दिला आणि शेजारी चांगला. त्याने दोन्ही पाहिले. “रंगाला तर सारखेच आहेत.”

“म्हणूनच जाळले.”

“आणि हे ठरवलं कुणी? तुम्ही?”

सासरे माझ्या मागे उभे होते. त्यांना किती कळलं कोण जाणे, पण पुढे आले. “या घराचा कान आता ही आहे,” ते म्हणाले. “माझे गेले.”

स्प्राउस क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यांच्याशी बोलायला लागला तो ओरडून, एकेक शब्द तोडून, लहान मुलाशी किंवा वेड्याशी बोलावं तसा. “मार्च! अखेर! नऊ डझन! कळलं का, म्हातारबा? नाहीतर मी कारखान्याचे लाल रंगाचे दांडे घेणार! लाल!” आणि दंडावर दोन थापा मारल्या. चाळीस वर्षं तो आणि त्याच्याआधीचा मुकादम या माणसाला मिस्टर टीटर म्हणत आले होते. सासरे ताठ उभे राहिले. “कळलं,” म्हणाले. उरलेले चाळीस दांडे त्यांनी स्वतः ट्रकमध्ये चढवले, कुणाला हात लावू दिला नाही.

ट्रक गेल्यावर मी विचारलं, “मार्चपर्यंत सुकतील?”

“याच आठवड्यात पाडले, त्याच दिवशी फोडले, चुलीवरच्या माळ्यावर ठेवले तर सुकतील. करवतीचं दुसरं टोक धरायला माणूस नाही.”

“आहे की. करवतवाल्याची पोर आहे.”

गुरुवारी आम्ही उतारावर चढलो. बाळ बर्फगाडीवरच्या खोक्यात, गोधडीत गुंडाळलेलं. नेल्डा दोरी ओढण्याच्या बहाण्याने गाडीवर बसलेली. सासऱ्यांनी कुऱ्हाडीची पाठ एका उभ्या हिकरीवर मारली, मी खोडाला कान लावला आणि मान हलवली. दुसरीवर मारली. तिच्यात आवाज वरपर्यंत गेला आणि परत आला. मी बोट वर केलं.

दुहाती करवत लावली. माझे खांदे पहिल्या बोटभर खोलीतच भरून आले. दूध उतरून अंगरखा ओला झाला आणि थंडीने कडक झाला. सासरे ओढायचे, मी ओढायचे. ते फक्त ओढायचे, ढकलायचे नाहीत, आणि मलाही ढकलू द्यायचे नाहीत. भुसा पांढराशुभ्र, लांब धाग्यांचा पडत होता. झाड पडलं तेव्हा त्यांनी टोपी काढली. मग पाचरी काढल्या आणि तिथेच, बर्फात, पहिला ओंडका चिरायला घेतला. पाचर शिरली तसे ओंडक्याच्या दोन बाजू एकमेकींना धाग्यांनी धरून राहिल्या, सुटेनात. कुऱ्हाडीने ते धागे तोडावे लागले. सासरे तोडता तोडता आठवडाभरात पहिल्यांदाच हसले.

मी बाळाला घ्यायला गाडीपाशी आले, तेव्हा खालून, नदीच्या वळणावरून, घणांचा आवाज यायला लागला. दोन माणसं समोरासमोर उभी राहून एकच खिळा ठोकतात. एकाचा घण वर जातो तेव्हा दुसऱ्याचा खाली येतो. टण्, टण्. टण्, टण्. बर्फामुळे आवाज अगदी शेजारून आल्यासारखा वाटत होता. सासऱ्यांची पाठ आमच्याकडे होती, त्यांची पाचर चालू होती.

“ते बाबा आहेत?” नेल्डाने विचारलं.

“त्यातले एक.”

“आपल्या दांड्यांनी मारतायत?”

“हो.”

तिने थोडा वेळ ऐकलं. हातमोजा चावत होती. मग पॅपच्या पाठीकडे पाहिलं.

“आई, पॅपना वाटायचं ना, आपल्याला सगळे दांडे नीट ऐकू येतात?”

“हो गं.”

“मग तुलाही एखादा मुका ऐकू आला नसेल, तर तुला ते कसं कळणार?”